टायमर + थर्मल जगवाला ड्रिप कॉफी मेकर: इंदूरच्या पाण्याला आणि विजेला कोणता चालेल?

पागनीसपागा

नमस्कार मंडळी,

घरात कॉफी पिणारे चार. दोघं काळी, दोघं दूध घालून. पहिला कप सकाळी ६ ला लागतो, शेवटचा साडेआठच्या आसपास. म्हणून रात्री भरून टायमर लावता येईल आणि कॉफी हॉट प्लेटवर न करपता थर्मल जगात राहील, असं ड्रिप मशीन हवं आहे. शंका अशा:

अमेरिकेतून एक नातेवाईक येणार आहेत, ते १२ कपांचं टायमर आणि स्टीलचा थर्मल जग असलेलं मशीन आणायला तयार आहेत. प्लेटवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, ११०० वॉट लिहिलंय. कन्व्हर्टर लावून चालेल ना?

१२ कप म्हणजे नक्की किती? चार जणांना ते फार मोठं होईल का?

पाणी: नर्मदेचं एक दिवसाआड, बाकी बोरिंग. मीटरवर बोरिंगचा टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) ७८०, आरओचा २५. कोणतं घालायचं?

घरात ५३:४७ (५३ टक्के कॉफी, ४७ टक्के चिकोरी) फिल्टर कॉफी आहे, ती चालेल का? आणि ग्राइंडर आतच असलेलं मशीन घ्यावं का?

ओट्याजवळ ६ अँपिअरचा सॉकेट आहे, १६ चा फ्रिजकडे अडकलाय.

---

कडूकाळी

आधी कपाचा घोळ. कॉफी मेकरवरचा कप म्हणजे आपला कप नव्हे. अमेरिकी मशीनवर तो बहुधा ५ औंसांचा, म्हणजे १४८ मिलि; काही कंपन्या ४ औंस, म्हणजे ११८ मिलि धरतात; युरोपी मशीनवर साधारण १२५. त्यामुळे '१२ कप' म्हणजे कुठे १.८ लिटर, तर कुठे दीड लिटर. खोक्यावरचे कप मोजूच नका, टाकीचे लिटर बघा. आणि टाकीत घातलेलं सगळं पाणी जगात येत नाही: १ ग्रॅम पूड सुमारे २ ग्रॅम पाणी धरून ठेवते. १ लिटर पाणी, ६० ग्रॅम पूड, तर जगात ८८० मिलि.

तुमच्या चौघांचा हिशोब: काळीवाल्यांना प्रत्येकी दोनदा १५० मिलि, दूधवाल्यांना प्रत्येकी १००–१२० मिलि कॉफी. झाले ८०० ते ८५०. म्हणजे १ ते १.२५ लिटरचं मशीन पुरे. १.८ चं घेतलंत तर रोज अर्ध्यावर चालवाल आणि दोन्हीकडून नुकसान. एक, पूड घालायच्या मोठ्या सपाट बास्केटमध्ये थोडी पूड पसरली की थर पातळ होतो, पाणी एका वाटेने निसटतं आणि कॉफी पाणचट तरी कडू अशी विचित्र होते. दोन, अर्धा रिकामा जग भराभर निवतो.

आता खरी गोम. टायमर आणि थर्मल जग हे जोडीने विकले जातात, पण त्यांचं एकमेकांशी फारसं पटत नाही. थर्मल जगाचा पहिला नियम म्हणजे आधी उकळतं पाणी घालून तो पाच मिनिटं तापवून घ्यायचा. टायमर लावून झोपलात तर ते पहाटे कोण करणार? जग रात्रभर थंड. आतली स्टीलची भिंत ३०० ग्रॅम धरा. जानेवारीत स्वयंपाकघर १५ अंशांवर असेल तर ती भिंत ८५ पर्यंत न्यायला साधारण १०–११ किलोज्यूल लागतात आणि ते कॉफीतूनच जातात. जगात एक लिटर असेल तर तेवढ्याने अडीच अंश उतरतात. अर्धा लिटर असेल तर पाच. म्हणून टायमर वापरणार असाल तर जग भरेल एवढीच क्षमता घ्या. हाच या खरेदीचा सगळ्यात मोठा मुद्दा, ब्रँड नंतर.

दुसरी तडजोड पुडीची. रात्री दळून उघड्या बास्केटमध्ये ठेवलेली पूड सकाळपर्यंत वास सोडते. पावसाळ्यात दमट हवाही पिते. चव बिघडत नाही, पण पहिली दरवळ जाते. निजण्याच्या अगदी आधी दळा, टाकीचं झाकण लावा. त्याहून जास्त काही करता येत नाही.

हॉट प्लेट टाळताय ते योग्यच. तयार कॉफी खालून तापत राहिली की तिच्यातली क्लोरोजेनिक आम्लं तुटून क्विनिक आणि कॅफेइक आम्लं वाढतात. अर्ध्या तासात ती आंबटकडू चव जिभेला कळते. थर्मल जगात हीच क्रिया सावकाश होते, थांबत मात्र नाही. ६ ते साडेआठ हा अडीच तासांचा पल्ला आहे. पहिला तास उत्तम, दुसरा ठीक, पुढचा अर्धा तास दूधवाल्यांना द्या.

---

वीजमिस्त्री

१२० व्होल्टचं मशीन आणू नका. कारण एक नाही, तीन आहेत.

पहिलं: चुकून एकदा जरी थेट आपल्या २३० वर लावलं तर हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. (२३०÷१२०) चा वर्ग म्हणजे ३.६७. ११०० वॉटचा हीटर ४००० वॉट खेचायला जाणार, म्हणजे १७ अँपिअरच्या वर. थर्मल फ्यूज उडाला तर नशीब, नाहीतर इलेक्ट्रॉनिक बोर्डासकट सगळंच जातं. घरात रोज पाच हात लागणाऱ्या वस्तूत ही चूक कधी ना कधी होतेच.

दुसरं: कन्व्हर्टर. ते हलकं, खिशात मावणारं 'ट्रॅव्हल कन्व्हर्टर' १६०० वॉट लिहून येतं, पण ते विजेची लाट कापून देतं. साध्या इस्त्रीला चालेल, डिजिटल घड्याळ आणि बोर्ड असलेल्या मशीनला नाही. खरा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, ११०० वॉटच्या सततच्या भाराला १५०० ते २००० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर). तो कित्येक किलोचा लोखंडी ठोकळा ओट्यावर, घुंऽऽ आवाज करत, आणि टायमरसाठी रात्रभर चालू. महाराणी रोडवर असे ट्रान्सफॉर्मर बनवून मिळतीलही, पण हा खर्च धरला तर 'तिकडून स्वस्तात आलं' हे गणित उरत नाही.

तिसरं कुणी सांगत नाही: घड्याळ. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. काही मशीनचं घड्याळ मेनच्या लाटा मोजून चालतं. ६० हर्ट्झसाठी बनवलेलं घड्याळ आपल्या ५० हर्ट्झवर तासाला १० मिनिटं मागे पडतं. रात्री १० ला बरोबर वेळ लावून सकाळी ६ ची कॉफी मागितलीत तर ती ७:३६ ला सुरू होईल. ज्यांच्यात क्वार्ट्झ क्रिस्टल आहे त्यांना हा त्रास नाही, पण खोक्यावर ते लिहिलेलं नसतं. घेऊन आलेच असतील तर वेळ लावा, तासाभराने मोबाइलशी ताडा, लगेच कळेल.

म्हणून २२०–२४० व्होल्ट, ५० हर्ट्झचंच घ्या. नातेवाईक लंडन किंवा जर्मनीहून येणार असते तर गोष्ट वेगळी, तिकडचं मशीन आपल्याकडे फक्त प्लग बदलून चालतं.

सॉकेट: ६ × २३० = १३८० वॉट ही ६ अँपिअरच्या सॉकेटची कागदावरची कमाल. १०००–११०० वॉटचं मशीन त्यावर चालेल, मात्र एकट्याने. त्याच मल्टीप्लगवर टोस्टर आणि मिक्सर नको. १४०० च्या वरचं असेल तर १६ चा पॉइंटच काढून घ्या, ४ चौरस मिमीची तार टाकून. अर्थिंगची खात्री करून घ्या. पाणी आणि हीटर एकाच डब्यात आहेत, अर्थिंग नसेल तर धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात.

इन्व्हर्टरवर हे मशीन धरू नका. घरगुती ८००–९०० व्हीएच्या इन्व्हर्टरला हजार वॉटचा हीटर झेपत नाही, ओव्हरलोड दाखवून बंद पडतो. पण घड्याळापुरता इन्व्हर्टर कामाचा. रात्री दोन मिनिटं वीज गेली तर पुष्कळ मशीन्सचं घड्याळ १२:०० वर लुकलुकत बसतं आणि सकाळी जग कोरडा. काहींना काही सेकंद ते मिनिटभराचा बॅकअप असतो. घेण्याआधी दुकानातच प्लग काढून, तीस सेकंद थांबून परत लावून बघा.

---

पागनीसपागा

डोळे उघडले! अमेरिकेचं रद्द. ७:३६ वाचून घरात हशा पिकला.

मग २३० व्होल्टमध्ये वॉट किती असावेत? एका दुकानदाराने ९०० वॉटचं १.८ लिटरचं दाखवलं, म्हणाला वीज कमी खातं.

---

वीजमिस्त्री

वीज कमी खात नाही, तेवढीच जास्त वेळ खातं. एक लिटर पाणी २० अंशांवरून ९४ ला न्यायला ३१० किलोज्यूल लागतात, हीटर कोणताही असो. १००० वॉटला ५ मिनिटं १० सेकंद, वाया जाणारी उष्णता धरून सहा. १.८ लिटरला ९०० वॉटने १० मिनिटं २० सेकंद, प्रत्यक्षात बारा. पुढे आपल्याकडे सकाळी पंप सुरू होतात तेव्हा व्होल्टेज २०० वर आलं तर हीटर उरतो ७६ टक्के. बाराचे झाले जवळजवळ सोळा.

सोळा मिनिटांनी कॉफीचं काय होतं ते कडूकाळी सांगतील. मी दर लिटरला किमान १००० वॉट धरतो.

---

कडूकाळी

होतं काय, पूड गरम पाण्यात गरजेपेक्षा जास्त वेळ राहते आणि शेवटचं कडू, लाकडासारखं तुरट तेवढं बाहेर येतं. स्पेशालिटी कॉफी असोसिएशन घरगुती मशीनसाठी ज्या अटी लावते त्या ध्यानात ठेवायला सोप्या: पाणी पुडीला लागताना ९२ ते ९६ अंश, पूर्ण धार ४ ते ८ मिनिटांत, लिटरला ५५ ग्रॅम पूड, दहा टक्के इकडे-तिकडे. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, पाणी इथे ९८ च्या आसपास उकळतं, त्यामुळे ९२–९६ गाठायला अडचण नाही. अडचण असते ती स्वस्त मशीनमध्ये पहिली दोन मिनिटं पाणी ८० वर आणि शेवटी वाफच वाफ अशी.

त्यांचं काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे बिघाडही कळतील. तळाशी यू आकाराची ॲल्युमिनियमची नळी, तिला चिकटून हीटर. टाकीतून पाणी एका एकदिशा झडपेतून नळीत येतं, उकळतं, बुडबुडे ते वर ढकलतात, झडप मागे जाऊ देत नाही, म्हणून पाणी वर चढून शॉवरमधून पुडीवर पडतं. पंप वगैरे काही नाही. नळीत क्षार साचला की आवाज मोठा, वाफ जास्त आणि धार बारीक. झडप सैल झाली की पाणी टाकीतच उकळ्या मारतं आणि वर चढत नाही. 'मशीन गुरगुरतं पण कॉफी येत नाही' या तक्रारीचं मूळ दहापैकी आठ वेळा या दोनपैकी एक.

शॉवरची जाळी बघा. एकच भोक मधोमध असेल तर मधली पूड जास्त पिळली जाते, कडेची कोरडी. सहा-आठ भोकं पसरलेली असावीत. आधी थोडं पाणी सोडून तीस-चाळीस सेकंद थांबणारं मशीन मिळालं तर उत्तम, ताज्या कॉफीतला वायू निघून जातो आणि पुढचं पाणी सगळीकडे सारखं भिनतं.

आता जगाची परीक्षा, कारण पैसे तिथे जातात. स्टेनलेस स्टील, दुहेरी भिंत, मधे निर्वात, असा घ्या. काचेच्या अस्तराचा जग उष्णता छान धरतो पण सिंकमध्ये एकदा आपटला की संपला. घरी आल्या दिवशी उकळतं पाणी काठोकाठ भरा, झाकण लावा, दहा मिनिटांनी बाहेरून तळहात फिरवा. कुठेही कोमट ठिपका लागला तर निर्वात गेलेला आहे, त्याच दिवशी परत. मग दोन तासांनी थर्मामीटर घाला. ९५ ने सुरुवात करून ८० च्या फार खाली गेलं असेल तर ते झाकणाचं काम, भिंतीचं नव्हे.

झाकण दोन जातींचं. एक, ज्यातून कॉफी आत झिरपते, वर भोक उघडंच राहतं किंवा छोटा तरंगता बोळा ते बंद करतो. दुसरं, काढून वेगळं लावायचं, घट्ट. टायमरवाल्यांना पहिलंच लागतं, कारण पहाटे झाकण बदलायला कुणी नसतं. त्यात बोळावालं निवडा आणि आतून तळापर्यंत जाणारी नळी आहे का बघा. पहिली धार दाट, शेवटची पातळ. नळी नसेल तर दाट खाली आणि पातळ वर असे थर बसतात. पहिल्याला पाणी, शेवटच्याला काढा. ओतण्याआधी जग दोनदा गोल फिरवला तरी काम होतं.

ओघळ थांबवणारी बास्केटची झडप ही सगळ्यात भांडखोर. जगाच्या झाकणाने ती खालून दाबली गेली तरच कॉफी उतरते. रात्री झोपेत झाकण अर्धवट लावलं, किंवा जग एक सेंटीमीटर बाहेर राहिला, की झडप बंद. पाणी तर वरून येतच राहणार. बास्केट भरतं, चोथ्यासकट ओट्यावर पूर येतो. जग सरकवल्यावर 'टक' ऐकू आलं पाहिजे.

---

नर्मदाजल

पाण्याकडे वळू, कारण मशीन इथे त्यानेच मरतं.

दोन्ही टोकं वाईट. ७८० चं बोरिंग घातलंत तर नळीत महिन्या-दोन महिन्यांत पांढरा थर, शिवाय त्यातला बायकार्बोनेट कॉफीची आम्लता मारून टाकतो, कॉफी खडूसारखी मंद लागते. उलट २५ चा नुसता आरओ: विरघळवायला मदत करणारे कॅल्शियम-मॅग्नेशियमच नाहीत, कॉफी पोकळ आणि बोचरी आंबट. ज्या मशीनमध्ये पाण्याची पातळी विजेच्या वाहकतेने मोजतात तिथे अगदी शुद्ध पाण्यावर 'टाकी रिकामी' असं दाखवण्याचा प्रकारही होतो.

उद्दिष्ट १५० टीडीएसच्या आसपास ठेवा, ७५ ते २५० चालतं. आकडेमोड सोपी: हवा असलेला आकडा वजा आरओचा, भागिले कठीण पाण्याचा वजा आरओचा. (१५०−२५) ÷ (७८०−२५) = ०.१६५. म्हणजे लिटरमध्ये १६५ मिलि बोरिंग, ८३५ मिलि आरओ. पण मी बोरिंग वापरणार नाही. टीडीएस मीटर क्षार किती ते सांगतं, कोणते ते नाही. बोरिंगमध्ये मीठ आणि नायट्रेटही असू शकतं. जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी यूव्हीतून काढून त्यात आरओ मिसळा, नर्मदेचा तुमच्या नळावरचा आकडा त्याच सूत्रात घाला. पाणी एक दिवसाआड येतं, तर पाच लिटरची बाटली मिसळून ठेवायची, रोज मोजत बसायचं नाही. आरओला टीडीएसचा स्क्रू असेल तर तो फिरवून १२०–१५० वर आणा, मग मिसळायचीही गरज नाही.

डिस्केल (साचलेला क्षार काढणं): १ लिटर कोमट पाण्यात २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड. सियागंजमध्ये किराण्याच्या ठोक दुकानात 'निंबूसत' म्हणून सुटं मिळतं. टाकीत घाला, बास्केटमधला फिल्टरचा कागद काढून ठेवा, मशीन सुरू करा, अर्धं उतरलं की बंद. २५ मिनिटं थांबा. उरलेलं उतरवा. मग साध्या पाण्याच्या दोन पूर्ण टाक्या. दुसरीचं पाणी चाखून बघा, आंबट लागलं तर आणखी एक. वर सांगितलेलं मिसळलेलं पाणी वापरलंत तर तीन महिन्यांतून एकदा पुरे.

व्हिनेगर टाळा. काम करतं, पण सिलिकॉनच्या नळ्यांत वास बसतो आणि आठवडाभर कॉफीतून लोणचं येतं. थर खूप जाड असेल तर सायट्रिकचं प्रमाण वाढवू नका: खूप क्षार आणि खूप उष्णता एकत्र आली की कॅल्शियम सायट्रेट स्वतःच साका धरतं. त्यापेक्षा २ टक्क्यांचंच द्रावण दोनदा. ॲल्युमिनियमच्या नळीत आम्ल रात्रभर ठेवू नये हे वेगळं सांगायला नको.

---

पागनीसपागा

वाचनखूण साठवली. चिकोरीचं आणि ग्राइंडरचं राहिलं. आणि एखाददुसरं नाव सुचवलंत तर बरं.

---

चहाबाज

भिया, मधेच तोंड घालतो. दोघं जण दूध घालून पिणारे आहेत ना? त्यांना निम्मं दूध लागत असेल तर कुठलंही ड्रिप मशीन त्यांना आवडणार नाही. ड्रिप कॉफीत विरघळलेला भाग जेमतेम सव्वा टक्का. त्यात निम्मं दूध म्हणजे रंगीत दूध. त्यांच्यासाठी पितळेचा किंवा स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर घ्या: ३० ग्रॅम ५३:४७ ची पूड, १५० मिलि उकळतं पाणी, रात्री घालून झाकून ठेवा, सकाळी दाट डिकॉक्शन तयार. वीज नको, टायमर नको, क्षार नको. गरम दुधात ४० मिलि टाका, विषय संपला.

दुसरं, टायमरच्या नावाखाली दुप्पट पैसे घालवण्याआधी १६ अँपिअरचा वाय-फाय प्लग का नाही बघत? खटक्याचं साधं मशीन, खटका चालू ठेवायचा, प्लग ६ ला वीज सोडतो.

---

वीजमिस्त्री

प्लगची युक्ती चालते, दोन अटींवर. खटका खरोखर यांत्रिक हवा, दाबल्यावर तसाच राहणारा. हलका स्पर्श करायचं बटण असेल तर वीज आली तरी मशीन झोपलेलंच राहतं. दुसरं, प्लग १६ अँपिअरचाच, आणि त्याच्या ॲपमध्ये 'वीज परत आल्यावर बंदच राहा' हा पर्याय निवडलेला. नाहीतर ६ ला वीज नव्हती आणि साडेनऊला आली, तर कुलूपबंद घरात कॉफी तयार होईल. टाकी रिकामी राहिली असेल तर कोरडा हीटर तापत राहतो, थर्मोस्टॅटच्या भरवशावर.

---

कडूकाळी

चहाबाजांचं दूधवाल्यांबद्दलचं म्हणणं रास्त आहे, फक्त निम्मं दूध असेल तरच. तिसरा हिस्सा दूध असेल तर पूड लिटरला ७० ग्रॅम करा, काळीवाल्यांनी थोडं गरम पाणी घालून घ्यावं. दूध फ्रिजमधून थेट ओतू नका: १०० मिलि ८० अंशांची कॉफी आणि ५० मिलि ८ अंशांचं दूध मिळून ५६ होतात, मग 'जग गरम ठेवत नाही' असा बोभाटा. दूध जगात तर कधीच नाही, झाकणाच्या खाचांत ते नासतं आणि तो वास जात नाही.

चिकोरी ड्रिप मशीनमध्ये नको. चिकोरी पाण्यात कॉफीपेक्षा कितीतरी जास्त विरघळते, चिकट होते, कागदाची छिद्रं बुजवते. शिवाय ती पूड दाक्षिणात्य फिल्टरसाठी बारीक दळलेली. पाणी वरून येण्याचा वेग तोच, खालून निघण्याचा निम्मा; बास्केट तुंबतं, वर सांगितलेला पूर येतो. ज्यांना चिकोरीशिवाय चालतच नाही त्यांनी १० टक्क्यांपर्यंतच आणि कागदाऐवजी स्टीलच्या जाळीवर. तुमच्यासाठी चिकमगळूर किंवा कुर्गची नुसती अरेबिका, मध्यम भाजलेली, मध्यम दळलेली. चिमटीत घेतली तर जाडसर रव्यासारखी लागावी, मैद्यासारखी नाही. तुंबते तर एक पायरी जाड, चार मिनिटांच्या आत उतरते आणि पाणचट लागते तर एक पायरी बारीक. पूड वजनावर घ्या, चमच्याने नव्हे.

कागद की जाळी? कागदाने तेल अडतं, त्यातलं कॅफेस्टॉलही, जे एलडीएल कोलेस्टेरॉल वाढवतं. घरात कुणाला ती काळजी असेल तर कागदच. पण घेण्याआधी आकार बघा: शंकूचा ४ नंबरचा कागद ऑनलाइन सहज मिळतो, सपाट तळाचा लहरी कागद शोधावा लागतो. हा शंकूवाल्या बास्केटचा आपल्याकडचा मोठा फायदा. लावण्याआधी कागद गरम पाण्याने भिजवून घ्या. टायमर लावताना रात्री भिजवू नका, ओल्या कागदात पूड रात्रभर पाझरत राहील.

आत ग्राइंडर असलेलं मशीन नको. वाफ वर चढते, दळण्याच्या वाटेत शिरते, पूड तिथे चिखल होऊन बसते. रोज पुसणार असाल तरच. शिवाय ग्राइंडर बिघडला तर सगळं मशीन दुरुस्तीला. आणि पहाटे सहाला त्याचा आवाज शेजारच्या फ्लॅटलाही टायमरवर उठवेल. 'बर' (दोन दातेरी चकत्यांमध्ये दळणारा) असलेला वेगळा ग्राइंडर घ्या, पात्याचा नको, त्यात निम्मं पीठ आणि निम्मे खडे होतात.

नावं. मोकामास्टर हे नेदरलँड्सचं, १९६८ पासूनचं, तांब्याचा हीटर, थर्मल जगाचं मॉडेल २३० व्होल्टमध्ये आहे, धार आणि तापमान उत्कृष्ट. पण टायमर नाही, आणि हे त्यांनी मुद्दाम दिलेलं नाही असंच वाटतं, कारण वर सांगितलेली थंड जगाची भानगड. खटका असल्याने वीजमिस्त्रींच्या प्लगवर बसू शकतं. टायमर आतच हवा तर ब्रेव्हिल प्रिसिजन ब्रूअर थर्मल, १.७ लिटर, तापमान आणि धार दोन्ही बदलता येतात. ब्रिटन-युरोपात तेच सेज नावाने २३० व्होल्टमध्ये मिळतं. ताकद मोठी असल्याने १६ चा पॉइंट लागेल. तुमच्या चौघांसाठी जरा मोठंच, पण त्यात शंकूचं आणि सपाट अशी दोन्ही बास्केट्स वापरता येतात, त्यामुळे कमी पूड शंकूत घालून चालतं. ऑक्सोचं ९ कपांचं छान आहे, पण ते १२० व्होल्टचं, म्हणजे रद्द. कुठलंही घ्या, प्लेटवर २२०–२४० वाचल्याशिवाय पैसे देऊ नका, ऑनलाइन एकाच फोटोखाली दोन्ही व्होल्टची मशीन्स विकतात.

जगाची सफाई: रोज फक्त गरम पाणी, आठवड्यातून एकदा एक चमचा खाण्याचा सोडा आणि उकळतं पाणी, अर्धा तास, मग बाटलीचा ब्रश. तारेची घासणी नको. क्लोरीनवालं ब्लीच अजिबात नको, स्टीलला बारीक खड्डे पडतात. जग पाण्यात बुडवून ठेवू नका, तळाच्या सांध्यातून पाणी दोन भिंतींमध्ये शिरलं तर निर्वात गेलाच. झाकण मात्र पूर्ण खोलून धुवायचं, रबरी कडी काढून.

---

पागनीसपागा

ठरलं: काळीवाल्यांसाठी ड्रिप, दूधवाल्यांसाठी स्टीलचा फिल्टर. आता ड्रिप कॉफी फक्त दोघांची, म्हणजे ६०० मिलि. मग १ लिटरच्या जगातही अर्ध्याहून थोडंच जास्त?

---

कडूकाळी

हो, म्हणून आता १ लिटरच्या वर जाऊच नका, सेजही यादीतून काढा. पाणी ६८०, पूड ४१ ग्रॅम, ६०० हातात येईल. मशीनवर '१–४ कप' बटण असेल तर ते दाबा, धार थांबत-थांबत येते आणि कमी पुडीलाही पुरेसा वेळ मिळतो. हिवाळ्यात रात्री जगात गरम पाणी भरून झाकण लावून ठेवलं आणि सकाळी ओतून टाकलं तर चालेल का, असा पुढचा प्रश्न असेल: चालेल, पण मग टायमर वापरता येणार नाही, कारण जग रिकामा करायला कुणीतरी ६ च्या आधी उठायला हवं.

---

चहाबाज

जो कुणी ६ च्या आधी उठेल त्याने सरळ खटका दाबावा की.